तिहोच्या डोंगरातली मूळ संख्या

तिहोचं आणि माझं घर एकाच डोंगरात कोरलेलं आहे. मधे हातभर जाडीचा दगड, बाकी सगळं सारखं. त्याच्या लग्नात साक्षीला मी उभी होते, म्हणून तो मला कुमा म्हणतो. आम्हा क्रोएशियाहून आलेल्यांत हे नातं बहिणीच्या नात्याहून जड. बहिणीशी भांडून अबोला तरी धरता येतो, कुमाला ती सोय नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या या कूबर पेडी गावात तिहोबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे, आणि मी सरळच सांगते, इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याची नुसती फजिती झाली असती तर मी पोट धरून हसले असते. झालं ते वेगळंच, आणि त्यात हसण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

तो इथे आला ओपल काढायला, रंग खेळवणारं ते रत्न. या गावात बहुतेक सगळे त्यासाठीच आले. उभा खड्डा खणायचा, खाली उतरायचं, मग आडवं पोखरत जायचं, आणि नशिबात असेल तर दगडात रंग दिसतो. तिहोला पोटापुरता दिसायचा, कधी तेवढाही नाही. एक खड्डा त्याने कंटाळून सोडून दिला. थानासिस नावाच्या ग्रीकाने तोच घेतला, आणि तिहो थांबला होता तिथून कुदळीच्या चार घावांवर त्याला असा ओपल लागला की अख्खं गाव बघायला लोटलं. पुढे छताचा दगड तिहोच्या पाठीत पडला आणि खणणं कायमचं सुटलं. बायको यागोदा ॲडलेडला मुलीकडे नातवंडं सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. तिहोला तिकडे करमेना. तो परत येऊन डोंगरात बसून राहिला, आणि रिकामा बसलेला तिहो म्हणजे माझ्या डोक्याला ताप. माझ्या सुपात मीठ कमी असतं इथपासून माझा रेडिओ दगडातून ऐकू येतो इथपर्यंत त्याच्या तक्रारी.

त्याला या संख्यांच्या नादाला लावलं ते शाळेतल्या डेस मास्तरने. शाळेने टाकून दिलेला एक संगणक त्याने तिहोला आणून दिला आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच बरणीतली ऑलिव्हं काढून पहिला धडा घेतला.

"ही सात ऑलिव्हं. यांच्या सारख्या ओळी लाव," डेस म्हणाला.

तिहोने दोन ओळी लावल्या, तीन लावून पाहिल्या. दरवेळी एखादं उरायचं नाहीतर कमी पडायचं. "एकच लांब ओळ होतेय," तो म्हणाला.

"म्हणून सात ही मूळ संख्या. तिचे सारखे भाग पडत नाहीत. अडून बसते."

"आणि हे शिकवायला सरकार तुला पगार देतं?" मी विचारलं.

"पगार देतं, ऑलिव्हं देत नाही," असं म्हणून त्याने सातांतलं एक तोंडात टाकलं. "आता सहा राहिली. आता लाव, लागतील."

मग त्याने खरी गोष्ट काढली. दोनाला दोनाने गुणत जायचं आणि हवं तिथे थांबून एक काढून टाकायचा. तीन येते, सात येते, पंधरा, एकतीस. पंधरा लगेच फुटते, तीन पाचे पंधरा. एकतीस फुटत नाही. दोन किती वेळा घेतला, तो आकडा स्वतः मूळ असावाच लागतो, नाहीतर आशाच नको. पण तो मूळ असला म्हणून काम झालं असंही नाही. अकरा वेळा दोन घेतला की दोन हजार सत्तेचाळीस येते. दिसायला अगदी सभ्य, आणि निघते तेवीस गुणिले एकोणनव्वद. संगणक आपले आकडे एक आणि शून्य यांत लिहितो. त्या लिपीत या सगळ्या संख्यांमध्ये शून्य औषधालाही नसतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते एक. तिहोला हे इतकं आवडलं की तो ते चर्चमध्ये पाद्रीबुवांनाही सांगत सुटला.

"आणि हल्ली लोक जिच्या मागे लागलेत ती केवढी?" त्याने विचारलं.

"कोट्यवधी आकड्यांची. तुझ्या घराच्या सगळ्या भिंती आणि वर छत लिहून भरलंस तरी संपायची नाही. पुढची कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. त्या कधी संपतात का, तेही माहीत नाही."

"म्हणजे ओपलच की."

"ओपलच. फक्त पाठ मोडत नाही," डेस म्हणाला.

अशा संख्या शोधणारी एक जगभराची संस्था आहे. ती प्रत्येकाला एकेक संख्या नेमून देते आणि ज्याचा त्याचा संगणक ती घरी बसून तपासतो. तपासायची रीत मलाही कळली, इतकी ती सोपी. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागायचं आणि उरेल ती बाकी घेऊन पुन्हा तेच. सातासाठी हे एकदाच करावं लागतं. चाराचा वर्ग सोळा, दोन गेले चौदा, सातने भागले, काही उरलं नाही. काही उरलं नाही म्हणजे मूळ. मोठ्या संख्येला हेच कोट्यवधी वेळा करावं लागतं, त्यात महिना जातो, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. मधे एक आकडा घसरला की पुढचं सगळं फुकट. आणि शेवटी काही उरलं, तर संख्या फुटते एवढंच कळतं. कशाने फुटते ते मात्र कळत नाही.

"म्हणजे कोर्टाने दोषी ठरवायचं आणि गुन्हा सांगायचाच नाही," मी म्हणाले.

"अगदी तसंच," डेस हसला. "म्हणून प्रत्येक निकाल काही वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर पुन्हा तपासतात. ते काम नव्या लोकांना देतात."

डेसची पुढे बदली झाली. तिहो मात्र या कामाला चिकटला. का, ते त्याने मला एकदाच सांगितलं. मी त्याच्याकडे सारमा घेऊन गेले होते. कोबीचं पान सोडवत तो म्हणाला, "ओपल चोरीला जातो, कुमा. घेणारा तुझ्या तोंडावर त्याला कचरा म्हणतो. उन्हात ठेवला तर तडकतो. ही संख्या सापडली की सापडली. मग ती जगात जिथे लिहितील तिथे खाली माझं नाव लिहावं लागेल, आणि कूबर पेडीचं. एक गोष्ट मी नीट केली, एवढं मला हवंय. मग मी मरायला मोकळा."

"मरायचं तर भांडं धुऊन मर," मी म्हणाले. पण मला ते लागलं. त्याला जे हवं होतं ते इतकं साधं होतं, आणि ते मिळवून देणं माझ्याच काय, कुणाच्याच हातात नव्हतं.

मशीनसाठी त्याने घरातली सगळ्यात आतली खोली ठरवली. बाहेर उन्हात पत्रा हात भाजतो, पण डोंगराच्या पोटात आम्हाला पंखासुद्धा लागत नाही. डोंगरात उन्हाळा शिरत नाही, हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगतो. आम्हाला भीती असते ती धुळीची. इथली गुलाबी धूळ पिठासारखी बारीक, दातांतसुद्धा जाते. म्हणून त्या खोलीचं हवेचं भोक, जे छतातून वर डोंगरमाथ्यावर निघतं, ते तिहोने पोतं कोंबून पक्कं बंद केलं आणि दाराच्या फटींना कापड लावलं. मी बघितलं आणि शाबासकी दिली. वायरिंग करणाऱ्या कॉलिननेही दिली. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच केलं असतं.

वर्षं गेली. निकाल आला की तो भिंतीवर ठोकायचा आणि मी ओरडायची, "काय रे?"

"ही नाही," पलीकडून आवाज यायचा. "दुसरी लावली."

मी स्वतः दुसऱ्यांनी टाकलेले ढिगारे चाळते. खाणवाल्यांच्या नजरेतून सुटलेला ओपल मातीतून वेचायचा, हा इथला बायकांचा जुना उद्योग. तिहो त्यावरून मला चिडवायचा, "कुमा कोंबडीसारखी लोकांचा उकिरडा उकरते."

"कोंबडीचं पोट तरी भरतं," मी म्हणायची. "तुझी ती संख्या कधी येणार?"

"येईल. तिला कुठे घाई आहे."

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो भिंतीवर न ठोकता सरळ माझ्या दारात आला. चेहरा पीठ फासल्यासारखा. मला वाटलं ॲडलेडहून काहीतरी वाईट बातमी आली.

"मी पूर्वी एका संख्येला नाही म्हटलं होतं," तो खुर्चीत बसत म्हणाला. "फिजीमधल्या एका मास्तरणीला ती पुन्हा तपासायला दिली होती. तिचं मशीन हो म्हणतंय."

"मग बरंच झालं की. म्हणजे ती मूळ आहे."

"असेल. संस्था आता मोठ्या मशीनवर तिसऱ्यांदा तपासणार. तोवर थांबा म्हणालेत."

"मग तुझं तोंड का पडलंय?"

तो माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसा बघत राहिला. "नियम असा आहे, कुमा, की ज्याने पहिल्यांदा खरं उत्तर दिलं त्याची ती संख्या. मी खोटं दिलंय. ती मूळ निघाली तर ती माझ्या घरात महिनाभर होती आणि मी तिला दारातून हाकलून दिलं."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी बरोबर होतो. आणि हाती काहीच नाही."

"मग तुला काय व्हायला हवंय ते तरी सांग."

"तेच तर मला कळत नाही," तिहो म्हणाला.

हे असले दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही. आजारी माणसाचं कपाळ तरी पुसता येतं. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. तो तीच संख्या आपल्या मशीनवर पुन्हा लावायला निघाला आणि मधेच हात मागे घेतला. त्या मशीनने हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, आता त्यावर विश्वास कोण ठेवणार? तो सकाळी माझ्याकडे यायचा, कॉफी समोर ठेवून बसायचा, ती निवली की उठून जायचा. मी रागावले, समजावलं, डेस मास्तरला फोन लावून दिला. डेस पलीकडून एवढंच म्हणाला, "वाट बघ, गड्या." त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं?

शेवटी मी चर्चमध्ये गेले. आमचं चर्चही दगडात कोरलेलं, आत शिरलं की उन्हाची आठवण राहत नाही. मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, आणि मला मागायलाच येईना. ती मूळ निघू दे म्हणावं तर तिहो हरतो. ती फुटू दे म्हणावं तर तिहो फुकट जातो. मग म्हटलं, देवा, काय ते तूच बघ. तेवढ्यात तिहोचंच एक बोलणं आठवलं. ती मूळ असेल तर हा सगळा मुलूख समुद्राखाली होता तेव्हाही मूळच होती, त्यात आता कुणाला काही बदलता यायचं नाही. म्हणजे मी ज्याच्यापुढे गुडघे टेकले होते, त्याचेही हात बांधलेले. सातांच्या सारख्या ओळी त्यालाही लावता येणार नाहीत. मी मेणबत्ती तशीच ठेवून उठले आणि घरी येईपर्यंत देवाशी मनातल्या मनात भांडले.

कॉलिनला मी बोलावलं. मशीन का चुकलं असेल ते निदान कळावं म्हणून. त्याने त्या आतल्या खोलीचं दार उघडलं आणि गरम हवेचा भपका आम्हा तिघांच्या तोंडावर आला.

"गड्या, इथे पाव भाजतोस की काय?" कॉलिन म्हणाला. मग त्याने भिंतीला हात लावला आणि त्याची थट्टा थांबली. "हात लावून बघ."

मी लावला. दगड तापलेला होता, भट्टीच्या बाहेरच्या अंगासारखा. बाहेरचा उन्हाळा डोंगरात शिरत नाही, हे खरंच होतं. पण आतलं मशीन वर्षानुवर्षं तापत राहिलं, आणि हवेचं भोक बुजवल्यावर ती ऊब जायला वाट कुठे होती? दगडाने ती पिऊन ठेवली होती.

"बंद खोलीत मशीन चुका करणारच," कॉलिन हळूच म्हणाला. "रोज नाही. कधीतरी एखादी. एक पुरते."

"पण डोंगरात..." तिहोने सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं. पुढचं आम्हा तिघांनाही पाठ होतं. आम्ही ते जन्मभर लोकांना सांगत आलो होतो. मी त्या पोत्याकडे बघून त्याला शाबासकी दिली होती. तिहो स्टुलावर चढला, मोडक्या पाठीने, आणि भोकातलं पोतं ओढून काढलं. वरून मूठभर गुलाबी धूळ त्याच्या तोंडावर पडली. मग त्याने मशीनचं बटण बंद केलं. खोलीतली ती घरघर थांबली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की ती मलाही भिंतीपलीकडून ऐकू यायची.

निकाल आला. तिसऱ्या वेळीही शेवटी काही उरलं नाही. संख्या मूळ होती. फिजीतल्या मास्तरणीचं, लिटियाचं नाव जाहीर झालं, रेडिओवर तिची मुलाखत लागली. तिहोच्या नावाने संस्थेकडून, त्याचा निकाल चुकला होता, अशी एका ओळीची माहिती आली आणि त्याच्या कष्टांबद्दल आभार. तो रडेल असं मला वाटलं होतं. तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून माझ्याकडे आला.

"फोन लावायचाय," तो म्हणाला. "माझ्या फोनवर परदेशी लागत नाही."

मी समजले. आमच्याकडे रीत आहे, दुसऱ्याला ओपल लागला की जाऊन त्याचा हात हातात घ्यायचा. ज्याने तो खड्डा आधी सोडला असेल त्याने तर आधी जायचं. थानासिसकडेही तिहो सगळ्यात पहिला गेला होता. फिजीला जाता येत नाही, म्हणून फोन. नंबर डेस मास्तरने कुठून तरी मिळवून दिला होता.

"आणि त्यानंतर संस्थेलाही मीच कळवणार आहे," नंबर लागेपर्यंत तो मला म्हणाला. "त्या खोलीतले माझे सगळे निकाल रद्द करा म्हणून. एक चुकला म्हणजे बाकीच्यांचा काय भरवसा? ते त्यांनी सांगायच्या आधी मी सांगायला हवं. तेवढं तरी माझ्या हातात आहे."

मी मान डोलावली. मला त्याचा अभिमान वाटला, खरंच सांगते.

फोन उचलला गेला. मागे पोरांचा गलका होता, बहुतेक शाळा सुटत होती. मी आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"मी ऑस्ट्रेलियातून बोलतोय, तिहोमिर," तो म्हणाला. "तुमचं अभिनंदन करायचं होतं."

"अय्या, इतक्या लांबून?" ती हसली. वयाने लहानच असावी. "कालपासून नुसते फोन येतायत, काका. तुम्हीपण संख्या शोधता का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तिला त्याचं नाव माहीतच नव्हतं. संस्था पहिल्याचं नाव दुसऱ्याला सांगत नाही, हे मला मागाहून कळलं.

"शोधायचो थोडंफार," तो म्हणाला.

"मग तुम्हाला सांगते, मला अजून खरंच वाटत नाही. मी साधं पुन्हा तपासायचं काम घेतलं होतं. आधी कुणाच्या तरी हातून ती सुटली होती म्हणे. बिचारा. त्याला कळलं असेल का हो?"

"कळलं असेल," तिहो म्हणाला.

"त्याचं मशीनच बिघडलेलं होतं वाटतं. शेवटचा निकाल लागला त्याच दिवशी संस्थेने त्याचे सगळेच निकाल रद्द केले. पुष्कळ वर्षांचे आहेत. त्यातले बरेच आता मलाच दिलेत पुन्हा तपासायला."

मी फोनकडे हात नेला, बंद करावा म्हणून. तिहोने माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्याच्या हातात, पण त्याने ते सोडलं नाही. मला वाटलं आता तो सांगेल, तो बिचारा म्हणजे मीच. त्याने नाही सांगितलं. पलीकडून ती हॅलो, हॅलो म्हणत होती. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, माझ्या शेजारी एक माणूस बसल्या जागी पुसला जात होता.

"तुमचं मशीन कुठे ठेवलंय?" त्याने शेवटी विचारलं.

"खिडकीपाशी. का हो?"

"वारा येतो?"

"समुद्राचा. कागद उडतात अगदी."

"तिथेच असू दे," तिहो म्हणाला. "हलवू नका."